शिपायाला रंग कोण देतं?

टेबलावरचा युद्धखेळ, म्हणजे छोट्या शिपायांच्या फौजा नियमांनी लढवण्याचा खेळ, खेळायचा ठरवला की हातात येणारा पहिला शिपाई बिनरंगाचा असतो. करड्या प्लास्टिकचा किंवा चकाकत्या धातूचा, बऱ्याचदा सुट्या तुकड्यांत, कडेने साच्याची शिवण उमटलेला. ती खरवडायची, तुकडे चिकटवायचे, रंग धरून राहावा म्हणून प्रायमरचा हात द्यायचा आणि मग कुठे रंगाला सुरुवात. एका शिपायावर दोन तास सहज जातात आणि फौजेत असे शंभर असतात. नवख्याला वाटतं, हा छंद पहिल्यापासून असाच असणार. प्रत्यक्षात पावणेदोनशे वर्षं तरी खेळण्यातला शिपाई रंगूनच घरी यायचा आणि त्याला रंग देणारा हात दुसऱ्याच कोणाचा तरी असायचा. खेळणाऱ्याच्या हातात ब्रश आला तो बराच उशिरा.

या विषयावरच्या पुष्कळ लेखांची सुरुवात इजिप्तपासून होते. असियूत इथल्या मेसेहती या अधिकाऱ्याच्या थडग्यात सुमारे ४००० वर्षांपूर्वीचे लाकडी सैनिक सापडले: ४० इजिप्शियन भालेकरी आणि ४० न्यूबियन तिरंदाज, अगदी रंगवलेले. पण ती मेलेल्या माणसाच्या सोबतीला दिलेली फौज होती. तिला खेळण्यांच्या वंशावळीत बसवणं मला ओढूनताणून वाटतं.

खरी सुरुवात अठराव्या शतकातल्या न्युरेंबर्गमध्ये. कथिलकाम करणाऱ्या हिल्पर्ट घराण्याने तिथे चपट्या शिपायांना धंद्याचं रूप दिलं. पाटीच्या दगडाच्या दोन फरश्यांवर उलटी आकृती कोरायची, फरश्या एकमेकींवर दाबून धरायच्या आणि मधल्या फटीत वितळलेलं कथील-शिशाचं मिश्रण ओतायचं. निघणारा शिपाई जाड पत्र्याएवढा. समोरून पाहिला तर रुबाबदार, बाजूने पाहिला तर नुसती रेघ. प्रशियाचा दुसरा फ्रेडरिक तेव्हा युरोपभर गाजत होता, त्यामुळे त्याच्या पलटणींना गिऱ्हाईक कमी पडलं नाही. १८३९ मध्ये एर्न्स्ट हाइनरिक्सनने आपला कारखाना काढला आणि पुढे ३० मिलिमीटर ही उंची इतकी रुळवली की चपट्या शिपायांसाठी ती आजही प्रमाण मानतात. शिपाई लाकडाच्या पातळ पट्टीच्या डब्यांत भरून वजनावर विकले जात. कोरणाऱ्याला कलावंत म्हणून मान असे. रंग देण्याचं काम मात्र घरोघरी जाई. बायका आणि मुलं नगावर मजुरी घेऊन हजारो डगले निळे नाहीतर लाल करत. त्यांची नावं कुठे नोंदलेली नाहीत.

राजेलोकांच्या शिपायांचे किस्से भरपूर आहेत, त्यातला एकच सांगतो. रशियाचा तिसरा पीटर युवराज असताना त्याच्या दोन पहारेकरी बाहुल्या उंदराने कुरतडल्या, तेव्हा त्याने उंदराला लष्करी कायद्याने फाशी दिली, असं त्याची बायको कॅथरीन हिने आठवणींत लिहून ठेवलंय. तिला नवरा आवडत नव्हता, हे लक्षात ठेवूनच ते वाचावं.

गंमत अशी की याच काळात जर्मन प्रदेशांत युद्धाचा गंभीर खेळही तयार होत होता आणि त्याचा या शिपायांशी काही संबंध नव्हता. ब्रन्सविकच्या हेलविग नावाच्या प्राध्यापकाने १७८० मध्ये बुद्धिबळ ताणून मोठ्या पटाचा युद्धखेळ रचला आणि जमिनीच्या प्रकाराप्रमाणे घरांना वेगवेगळे रंग दिले. प्रशियात थोरल्या राइस्वित्झने १८१२ मध्ये राजाला असाच खेळ खास टेबलासकट सादर केला. त्याच्या लष्करी अधिकारी मुलाने १८२४ मध्ये पट काढून टाकला आणि १:८००० प्रमाणाचे नकाशे आणले, फासे आणले, निकाल देणारा पंच आणला. पण सैन्य म्हणून नकाशावर सरकायचे ते नुसते ठोकळे. १८७०-७१ मध्ये प्रशियाने फ्रान्सला हरवल्यावर इतर देशांच्या सैन्यांनीही हा खेळ उचलला, तोही ठोकळ्यांसकट. म्हणजे अधिकाऱ्यांकडे नियम होते पण शिपाई नव्हते, आणि पोरांकडे शिपाई होते पण नियम नव्हते.

तिसरी वाट प्रदर्शनाची. ब्रिटिश लष्करातल्या विल्यम सायबोर्नने वॉटर्लूच्या रणांगणाची प्रतिकृती करायला घेतली, त्यासाठी तो काही महिने रणांगणावरच्या शेतघरात राहून मोजमाप करत होता. १८३८ मध्ये लंडनला ती लोकांसमोर आली तेव्हा तिच्यावर नखाएवढे सुमारे ७० हजार शिपाई उभे होते. सायबोर्न त्यापायी कर्जात बुडाला. हौसेपायी खिसा रिकामा करणाऱ्यांचा हा मूळपुरुष म्हणायला हरकत नाही.

१८९३ मध्ये लंडनच्या ब्रिटन कुटुंबाच्या कारखान्यात एक युक्ती निघाली. साच्यात धातू ओतल्यावर कडेचा थर आधी थिजतो. नेमक्या त्या क्षणी साचा उलटा केला की मधला पातळ धातू परत बाहेर येतो आणि पोकळ शिपाई हाती राहतो. धातू कमी, वजन कमी, म्हणून किंमतही कमी. जर्मन आणि फ्रेंच भरीव शिपायांना हे परवडेना. या ब्रिटन कंपनीच्या लाल पेटीत साधारण पायदळाचे आठ किंवा घोडदळाचे पाच शिपाई असत, उंची ५४ मिलिमीटर. रंग चकचकीत: लाल डगला, काळे बूट, गालावर गुलाबी ठिपका. इथेही ब्रश कारखान्यातल्या आणि घरून काम करणाऱ्या बायकांच्याच हातात होता.

या पेट्या आता संग्राहकांच्या ताब्यात आहेत आणि त्यांचा कायदा कडक आहे. मूळ रंगाला हात लावायचा नाही. डगल्याचा टवका उडालेला चालेल, पण कोणी तो नव्याने रंगवला असेल तर किंमत कोसळते. शिपाई पुठ्ठ्याला दोऱ्याने बांधलेले असतात, तो दोरासुद्धा शाबूत असला तर भाव चढतो. युद्धखेळवाला मात्र जुना शिपाई मिळाला की आधी त्याचा रंग उतरवायला द्रावणात बुडवतो. दोघं एकाच टेबलाशी बसले की हा वाद निघतोच.

शिपाई आणि नियम यांची गाठ पडली ती घरातल्या जमिनीवर. १८८१-८२ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमधल्या दावोसला लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन आपल्या सावत्र मुलासोबत माळ्यावर शिपायांच्या मोहिमा लढत होता. विन्स्टन चर्चिलकडे लहानपणी जवळजवळ १५०० शिपाई होते. शत्रूची फौज धाकट्या भावाकडे, आणि त्याला तोफखाना ठेवायला मनाई. अशाने विजय ठरलेलाच. नियम छापून सर्वांसाठी खुले केले ते लेखक एच. जी. वेल्सने, १९१३ च्या ‘लिटल वॉर्स’मध्ये. पायदळ एका खेळीत एक फूट, घोडदळ दोन फूट. फासे नाहीत. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने लाकडी गोळी खरोखर झाडायची, पडेल तो मेला. अर्थात त्यात शिपायांची मुंडकी उडत. आगपेटीची काडी खुपसून ती परत बसवणं ही त्या काळची घरगुती शस्त्रक्रिया होती. खऱ्या युद्धापेक्षा हे छोटं युद्ध बरं, असं सांगणारं ते पुस्तक निघालं आणि पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं.

ब्रश खेळणाऱ्याच्या हातात आला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आणि त्यामागे साधा हिशेब होता. टेबलावर नेपोलियनच्या काळची लढाई मांडायची तर एका बटालियनलाच २०-३० सारखे शिपाई हवेत. ५४ मिलिमीटरचे शिपाई एवढ्या संख्येने ना टेबलावर मावत, ना खिशाला झेपत. शिवाय दुकानात मिळणार ते बहुतेक स्वतःच्या देशाचे पहारेकरी. ऑस्ट्रियाचं १८०९ चं पायदळ कोण विकणार? कॅलिफोर्नियातल्या जॅक स्क्रबीने रबराच्या साच्यांतून लहान शिपाई ओतायला घेतले आणि १९५७ मध्ये युद्धखेळांचं नियतकालिक सुरू केलं. इंग्लंडमध्ये पेशाने फिजिओथेरपिस्ट असलेल्या डोनाल्ड फेदरस्टोनच्या १९६२ च्या पुस्तकाने अनेकांना या खेळाची गोडी लावली. रंगाची मजुरी घातली की हा छोटा धंदा परवडत नसे, म्हणून शिपाई बिनरंगाचेच विकले जात. त्यातून खेळणाऱ्याला कोणत्याही देशाची, कोणत्याही सालची पलटण रंगवायची मुभा मिळाली. तोटा म्हणून सुरू झालेली गोष्ट छंदाचा अर्धा आनंद होऊन बसली.

१९५९ पासून एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीच्या पेट्यांतले बोटाच्या पेराएवढे प्लास्टिकचे शिपाई आले आणि शाळकरी पोरांनाही फौज उभी करता आली. ते प्लास्टिक मऊ, मेणचट. संगीन वाकली की रंगाचा पापुद्रा गळून पडे. साबणाच्या पाण्याने धुवा, आधी पांढऱ्या गोंदाचा थर द्या, असे उपाय तोंडोतोंडी फिरत. १९६६ मध्ये ब्रिटन कंपनीने शिशाचे पोकळ शिपाई बनवणं थांबवलं, कारण मुलांच्या खेळण्यांतल्या शिशाबद्दलचे नियम कडक होत होते. युद्धखेळाचे धातूचे शिपाई मात्र चालू राहिले. ते मोठ्यांसाठी होते, खेळणी म्हणून विकायचेच नव्हते.

त्या पिढीसाठी रंगवणं म्हणजे अभ्यास. कुठल्या रेजिमेंटची कॉलर पिवळी, कुठल्या कंपनीचा तुरा हिरवा, यावर रात्री जात आणि मैत्रीही तुटत. अशांना ‘बटणं मोजणारे’ हा टोमणा अजून मिळतो. अद्भुतकथांचे शिपाई आल्यावर हे बंधन सुटलं. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’ने १९७१ मध्ये मध्ययुगीन लढाईच्या नियमांना जादू आणि ड्रॅगनची पुरवणी जोडली. १९८३ मध्ये ‘वॉरहॅमर’ हा अद्भुतकथेतल्या फौजांचा युद्धखेळ आला, १९८७ मध्ये त्याचा अंतराळातला भाऊ. ऑर्क या काल्पनिक राक्षसाच्या डगल्याचा खरा रंग सांगणारं कोणतंही दफ्तर नाही. मग डोळा वळला तो निव्वळ कारागिरीकडे. १९८७ मध्येच गोल्डन डेमन ही रंगकामाची स्पर्धा सुरू झाली. तेलकट एनॅमल मागे पडून पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग आले, रंगाच्या दोन हातांमधली वाट पाहणं मिनिटांवर आलं.

मुळातली अडचण प्रकाशाची आहे. २८ मिलिमीटरच्या माणसाच्या डगल्याची घडी इतकी उथळ असते की तिची सावली पडतच नाही. तीन फुटांवरून पाहिलं की सपाट रंगाचा ठिपका दिसतो. म्हणून सावली रंगानेच घालावी लागते. वॉश, म्हणजे पातळ केलेला गडद रंग, सोडला की तो आपोआप खाचांत उतरतो. जवळजवळ कोरडा ब्रश वरून झटकला की उंचवटे उजळतात. गडद, मधला आणि उजळ अशा तीन छटा शेजारीशेजारी ठेवल्या की लांबून कापड दिसतं, जवळून नुसते पट्टे. न्युरेंबर्गच्या चपट्या शिपायाला हीच विद्या आणखी लागते, कारण त्याची गोलाई जवळजवळ सगळीच रंगातून आणायची असते.

शिपायांची उंचीही एका जागी राहिली नाही. सत्तरच्या दशकातले २५ मिलिमीटर हळूहळू २८ झाले. कोणी डोक्यापर्यंत मोजतं, कोणी डोळ्यांपर्यंत, त्यामुळे दोन कंपन्यांचे शिपाई शेजारी उभे केले की बाप-लेक दिसतात.

रंगवण्याच्या वेगाने मात्र विकत घेण्याचा वेग कधीच गाठला नाही. न रंगवलेल्या साठ्याला छंदात ‘शिशाचा डोंगर’ म्हणतात, मग माल प्लास्टिकचा का असेना. रेझिनच्या घन वस्तू छापणाऱ्या घरगुती प्रिंटरने त्या डोंगरात भरच घातली, कारण आता शिपाई रातोरात घरीच छापून होतात. २०१९ मध्ये एकाच हातात सावली आणि उजेड दोन्ही देणारे कॉन्ट्रास्ट रंग आले, ते याच घाईसाठी. आणि ज्यांना तेवढाही वेळ नाही, ते फौज पेटीत भरून पैसे घेऊन रंगवणाऱ्याकडे पाठवतात. दर नगावर ठरतो, घोडा असेल तर जास्त.