निम्मोचा रस्ता की महादुष्काळातला? कॉनेमारातला एक घोळ

आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, गॉलवे काउंटीत, कॉनेमारा नावाचा खडकाळ, दलदलीचा मुलूख आहे. तिथं डोंगरउतारावर गवत माजलेला जुना रस्ता दिसला की पाहुण्यांना 'हा दुष्काळी रस्ता' असं सांगून मोकळं होतात. तो आयर्लंडच्या महादुष्काळातला, म्हणजे 1846-47चा असेलच असं नाही. त्याआधीच्या अलेक्झांडर निम्मो या इंजिनिअरचाही असू शकतो, आणि पंचाईत अशी की निम्मोचे रस्तेही दुष्काळी कामंच होती!

1821चं बटाट्याचं पीक बुडालं आणि 1822मध्ये पश्चिमेकडे उपासमार सुरू झाली. तेव्हा सरकारनं तिकडची कामं या स्कॉटिश इंजिनिअरच्या हाती दिली. तो नवखा नव्हता. दहाएक वर्षांपूर्वी सरकारी आयोगासाठी त्यानं हीच दलदल मोजून नकाशे केले होते. त्यामुळे रस्ता कुठून न्यायचा हे आधी ठरलं, मजूर नंतर लागले. त्याचे रस्ते कुठे ना कुठे पोचतात: ऊटरार्डहून क्लिफ्डेनला, राउंडस्टोनच्या धक्क्याला. गाडी चालावी, मासळी बाजारात पोचावी, हा हिशोब होता.

1846मध्ये उलटं झालं. आधी उपाशी माणसं, मग त्यांच्यासाठी काम शोधा. त्या ऑगस्टच्या कायद्यानं खर्च स्थानिक करातून वसूल होणार होता, आणि एका जमीनदाराचा खाजगी फायदा होईल असं काम सुरुवातीला चालत नव्हतं. मग उरलं काय? रस्ते. मार्च 1847मध्ये देशभर 7 लाखांवर माणसं या कामांवर होती. मजुरी अंगावरच्या कामाप्रमाणे, म्हणजे फोडलेल्या खडीचा ढीग मोजून पैसे. उपाशी, अशक्त माणसाचा ढीग लहान, म्हणून मजुरीही कमी. त्यात तो हिवाळा कडक. 1972ला खडी फोडायला गेलेल्या आपल्याकडच्या पिढीला हातोडी आणि ढीग ओळखीचे वाटतील. पण या हिशोबातला निर्दयपणा वेगळाच. ही कामं लंडनच्या ट्रेझरीतून, म्हणजे अर्थखात्यातून हाकणारा चार्ल्स ट्रेव्हेलियन पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला.

त्याच मार्चपासून कामं आवरती घेतली आणि सूप वाटायला सुरुवात झाली. म्हणूनच कित्येक रस्ते माळावरच संपतात.

पण अर्धवट रस्ता हा पक्का पुरावा नव्हे. खात्री करायची तर ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचा मैलाला सहा इंचाचा पहिला नकाशा काढा. त्याची मोजणी 1842पर्यंत आटोपली होती. त्यावर रस्ता असेल तर तो महादुष्काळातला नाही, विषय संपला. नसेल आणि शतकाअखेरच्या पंचवीस इंची नकाशावर असेल, तरी घाई नको. 1890च्या दशकातही सरकारनं या भागात मजुरी देण्यासाठी रस्ते केले होते.