‘अपवादाने नियम सिद्ध होतो’ : एका इंग्रजी वाक्प्रयोगाची पार्श्वभूमी

एखाद्याने सरसकट विधान करावे, दुसऱ्याने त्याला छेद देणारे उदाहरण पुढे ठेवावे आणि पहिल्याने ‘अपवादाने नियम सिद्ध होतो’ असे म्हणून विषय मिटवावा, हा प्रसंग आपल्या चर्चांमध्ये नेहमीचा आहे. ‘या शिवारातल्या विहिरी मार्चनंतर कोरड्या पडतात,’ असे कोणी म्हणतो. ओढ्याकाठची एक विहीर मे महिन्याअखेरीसही भरलेली असते, हे कोणी दाखवून देतो. आणि त्या भरलेल्या विहिरीलाच मूळ विधानाचा पुरावा ठरवले जाते. वास्तविक एका विहिरीत पाणी असेल, तर ते विधान तेवढ्यापुरते खोटे ठरते. उलट उदाहरणाने विधान सिद्ध होऊ लागले, तर जगातले कोणतेही विधान कधी खोटे पाडताच येणार नाही. ‘द एक्सेप्शन प्रूव्ज द रूल’ या इंग्रजी वाक्प्रयोगाचाही असाच वापर सर्रास होतो. त्यामागचा मूळ विचार मात्र अत्यंत तर्कशुद्ध आहे, आणि तो कोठून आला हे पाहिले म्हणजे वाक्य कोठे शोभते आणि कोठे शोभत नाही हे आपोआप स्पष्ट होते.

या विचाराचे मूळ सामान्यतः रोममधील एका खटल्यापर्यंत नेले जाते. आजच्या स्पेनमधील कादिझ, म्हणजे तेव्हाचे गादेस, या नगरीत जन्मलेल्या लुसियस कॉर्नेलियस बाल्बस याला इ.स.पू. 72 मध्ये रोमन सेनापती पाँपीने रोमचे नागरिकत्व दिले होते. हे नागरिकत्व बेकायदा असल्याचा आरोप इ.स.पू. 56 मध्ये त्याच्यावर ठेवण्यात आला आणि त्याच्या बचावासाठी प्रसिद्ध वक्ता सिसेरो उभा राहिला. रोमने काही जमातींशी केलेल्या तहांत ‘यांच्यापैकी कोणालाही रोमने नागरिक करून घेऊ नये’ असे स्पष्ट कलम होते. हेल्वेती आणि इन्सुब्री या त्यांपैकी दोन जमाती. सिसेरोचा युक्तिवाद असा होता की, ज्या तहात असे वगळणारे कलम आहे तेथे त्या कलमामुळेच नागरिकत्व देता येत नाही. मग ज्या तहात ते कलम नाही तेथे नागरिकत्व देण्याची मुभा आहे, असेच मानले पाहिजे. काही जणांना मुद्दाम वगळावे लागले, याचा अर्थ न वगळलेल्यांसाठी वाट मोकळी होती. बाल्बस निर्दोष सुटला आणि पुढे इ.स.पू. 40 मध्ये रोमचा कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, झाला. रोमन भूमीबाहेर जन्मून त्या पदावर पोहोचलेला तो पहिला मनुष्य मानला जातो.

या युक्तिवादातील अपवाद म्हणजे चुकून निसटलेले विसंगत उदाहरण नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. येथे ‘एक्सेप्तिओ’ म्हणजे नियम करणाऱ्याने जाणीवपूर्वक, शब्दांत मांडून केलेले वर्जन. पुढे युरोपातील कायदेपंडितांनी हाच विचार ‘एक्सेप्तिओ प्रोबात रेगुलाम इन कासिबुस नॉन एक्सेप्तिस’ या सूत्रात बांधला. अपवाद सांगितला असेल, तर न वगळलेल्या प्रकरणांत नियम लागू असल्याचे त्यावरून सिद्ध होते, असा त्याचा आशय आहे. इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर राहिलेल्या फ्रान्सिस बेकनने 1623 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या लॅटिन ग्रंथात याच आशयाचे वचन दिले आणि त्याला फार महत्त्वाची जोड दिली : अपवादामुळे न वगळलेल्या बाबतींत कायद्याचे बळ वाढते, तर यादी केल्यामुळे यादीत न आलेल्या बाबतींत ते घटते. या दुसऱ्या अर्ध्या भागातली भीती किती खरी होती, हे अमेरिकेत दिसले. 1789 मध्ये नागरिकांच्या हक्कांची यादी राज्यघटनेला जोडायची ठरली, तेव्हा यादीबाहेरचे हक्क नाकारले गेल्याचा अर्थ काढला जाईल, हा आक्षेप जेम्स मॅडिसनने स्वतःच मांडला, आणि तसा अर्थ काढू नये असे सांगणारी नववी दुरुस्ती 1791 मध्ये त्या घटनेचा भाग झाली.

बोलीभाषेत शिरताना या सूत्राचे शेवटचे शब्द गळाले. ‘न वगळलेल्या प्रकरणांत’ हा भाग गेला, फक्त ‘अपवाद नियम सिद्ध करतो’ एवढे उरले आणि अपवाद या शब्दाचा अर्थही वर्जनाकडून विसंगत उदाहरणाकडे सरकला. वाक्य मग विचित्र वाटू लागले, तेव्हा ते वाचवण्यासाठी एक स्पष्टीकरण पुढे आले : इंग्रजीत ‘प्रूव्ह’ या क्रियापदाचा जुना अर्थ ‘पारखणे’ असा आहे, म्हणून अपवाद नियमाची परीक्षा घेतो, एवढेच वाक्याला म्हणायचे आहे. अँब्रोझ बिअर्स या अमेरिकन लेखकाने 1911 च्या आपल्या उपरोधिक शब्दकोशात लोकांच्या अडाणीपणावर टीका करताना हाच अर्थ खरा म्हणून दिला. आजही तो अनेक ठिकाणी छापला जातो. मला तो पटत नाही, कारण पूर्ण लॅटिन सूत्र समोर ठेवले की ‘न वगळलेल्या प्रकरणांत नियमाची परीक्षा होते’ असा अर्थ निघतो आणि तो निरर्थक आहे. तेथे ‘प्रस्थापित होतो’ हाच अर्थ बसतो.

1926 मध्ये एच. डब्ल्यू. फाउलर यांनी इंग्रजीच्या वापरावरील आपल्या प्रसिद्ध कोशात या वाक्प्रयोगाचे निरनिराळे वापर वेगळे करून दाखवले. मूळ अर्थासाठी त्यांनी दिलेले उदाहरण सैनिकांच्या छावणीतले आहे. ‘आज रात्री 11 वाजेपर्यंत बाहेर राहण्याची खास परवानगी आहे,’ अशी सूचना लागली, तर एरवी त्याआधी परतावे लागते, हे नियम कोठेही न वाचता कळते. आपल्याकडे दुकानावर ‘सोमवारी बंद’ अशी पाटी असते. इतर सहा दिवस दुकान उघडे असते, हे त्या पाटीवर लिहिलेले नसते, तरी प्रत्येक गिऱ्हाईक ते बरोबर वाचते. अशा पाटीबद्दल ‘अपवादाने नियम सिद्ध होतो’ असे म्हणणे पूर्णपणे योग्य आहे. भरलेल्या विहिरीबद्दल नाही.

फाउलर यांनी आणखी एक, शास्त्रीय म्हणता येईल असा वापर मान्य केला होता : वरवर अपवाद वाटणारी गोष्ट खोलात गेल्यावर नियमाचीच पुष्टी करते, तेव्हाचा. याला खगोलशास्त्रातले उदाहरण चपखल बसते. युरेनसची गती न्यूटनच्या नियमाशी जुळेना, तेव्हा फ्रेंच गणिती लव्हेरिए यांनी पलीकडे दुसरा ग्रह असला पाहिजे असे गणिताने दाखवले आणि 1846 च्या सप्टेंबरात बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांना नेपच्यून दिसला. अपवादाने नियम बळकट केला. पण बुधाच्या कक्षेतला, शतकाला सुमारे 43 विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) फरक त्याच रीतीने सोडवण्यासाठी कल्पिलेला ग्रह कधीच सापडला नाही. त्याचा उलगडा 1915 मध्ये आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताने झाला आणि तेथे जुना नियमच अपुरा ठरला. म्हणजे या अर्थाने वाक्य वापरायचे, तर आधी अपवादाचे कारण शोधून दाखवण्याचे कष्ट घ्यावे लागतात.

रोमचा हा युक्तिवाद आपल्या शास्त्रपरंपरेलाही स्वतंत्रपणे ठाऊक होता. पतंजलीच्या महाभाष्य या व्याकरणग्रंथाच्या आरंभीच ‘पञ्च पञ्चनखा भक्ष्याः’ हे वचन येते. पाच नखे असलेल्या प्राण्यांपैकी ससा, साळिंदर, घोरपड, कासव इत्यादी पाचांचेच मांस चालते, असे सांगितले की त्यांखेरीज इतर पंचनखी प्राणी अभक्ष्य आहेत हे न सांगता समजते, असे भाष्यकार म्हणतात. वेदवचनांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी अशा वचनांना ‘परिसंख्या’ असे नाव दिले. व्याकरणात सर्वसाधारण नियमाला ‘उत्सर्ग’ आणि त्याला बाधणाऱ्या विशेष नियमाला ‘अपवाद’ म्हणतात. आपला आजचा शब्द त्या अर्थाने तेथलाच आहे. अपवादाचे क्षेत्र आधी ठरवावे आणि उरलेल्या क्षेत्रात उत्सर्ग लावावा, अशी त्यांची शिस्त होती. अशा परिभाषांचा, म्हणजे नियम कसे लावावेत हे सांगणाऱ्या नियमांचा, वैयाकरण नागेशभट्टांनी केलेला ऊहापोह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या कीलहॉर्न यांनी एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत आणला. अपवाद म्हणजे शब्दांत मांडलेला विशेष नियम, ही जाण मराठी लेखकाला आपल्या परंपरेतून सहज मिळू शकते, म्हणूनच त्या शब्दाचा सैल वापर मला अधिक खटकतो.

अपवाद आणि नियम यांच्या नात्याची आपल्याकडची सर्वांत गंभीर चर्चा संविधान सभेत झाली. 30 नोव्हेंबर 1948 रोजी मसुद्याच्या दहाव्या, म्हणजे आजच्या सोळाव्या, अनुच्छेदावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सर्वांना समान संधी हे तत्त्व आणि काही समाजांसाठी राखीव जागा यांची सांगड कशी घालायची, हे समजावून सांगितले. ‘मागास’ असा मर्यादा घालणारा शब्द नसेल, तर आरक्षणाचा अपवाद शेवटी नियमालाच खाऊन टाकील आणि नियमातले काहीही उरणार नाही, असा इशारा त्यांनी दिला. अपवादाने नियम सिद्ध व्हायचा, तर अपवादाबाहेर नियमाला पुरेशी जागा उरली पाहिजे. ही अट इतक्या नेमक्या शब्दांत क्वचितच कोणी सांगितली असेल.

पुढे न्यायालयांत प्रश्न उभा राहिला तो राखीव जागांची मुभा देणारा अनुच्छेद 16(4) हा मुळात अपवाद आहे का, असा. 1963 च्या देवदासन खटल्यात बहुमताने तो अपवाद मानला, तर न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी भिन्न मत नोंदवून ते नाकारले. 1975 मध्ये एन. एम. थॉमस खटल्यात आणि 1992 मध्ये इंद्रा साहनी खटल्यात बहुमत सुब्बाराव यांच्या बाजूला आले : राखीव जागा हा समान संधीला अपवाद नसून त्या संधीचेच एक रूप आहे. तरीही इंद्रा साहनी निकालात आंबेडकरांच्या त्या भाषणाचा आधार घेऊन 50 टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली आणि असाधारण परिस्थितीत ती ओलांडण्याची सवलत ठेवण्यात आली. महाराष्ट्राच्या 2018 च्या मराठा आरक्षण कायद्यावर 5 मे 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा मर्यादा ओलांडण्याजोगी असाधारण परिस्थिती होती का, हा त्यातला एक मध्यवर्ती प्रश्न होता. न्यायालयाने ती नसल्याचे ठरवले, आणि सवलतीच्या कक्षेबाहेरच्या या प्रकरणाला 50 टक्क्यांचाच नियम लागू झाला.