डोंगरी पाणी व मान्सून यांचे निरीक्षण : मराठवाडा

मराठवाड्यातील मान्सूनचे आणि या प्रदेशाला पाणी पुरवणाऱ्या सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील पावसाचे, जमिनीवरील मापके आणि उपग्रह या दोन्ही साधनांनी केले जाणारे मोजमाप. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, बीड, लातूर व धाराशिव हे आठ जिल्हे मिळून भारतीय हवामानशास्त्र विभागाचा एक उपविभाग होतो. तेथे जून ते सप्टेंबर या काळात सरासरी साडेसहाशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. पठारावरच्या या प्रदेशाच्या हिशेबात डोंगर येतो तो गोदावरीमुळे. ती त्र्यंबकेश्वराजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते, दारणा, मुळा व प्रवरा या नद्या घाटमाथ्याचे पाणी तिच्यात आणून टाकतात आणि ते पैठणच्या नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात, साठते. त्यामुळे पैठण-गंगापुरात उघडीप असतानाही जायकवाडीची टक्केवारी वाढत राहते.

जमिनीवरचे मूळ साधन साधा पर्जन्यमापक हेच आहे. त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौ. सेंमी असेल, तर १ मिमी पाऊस म्हणजे आतल्या बाटलीत २० मिलिलिटर पाणी. हे पाणी रोज सकाळी साडेआठ वाजता मोजपात्रात ओतून नोंदवले जाते, आणि आदल्या सकाळपासूनच्या चोवीस तासांचा पाऊस मोजणीच्या तारखेवर पडतो. त्यामुळे ८ जूनच्या रात्री कोसळलेली सर नोंदवहीत ९ जूनला सापडते, हे जुन्या नोंदी चाळणाऱ्याने ध्यानात ठेवावे. २०१७ पासून महावेध प्रकल्पाखाली राज्यात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. मंडळात चोवीस तासांत ६५ मिमीहून अधिक पाऊस झाला की महसुली भाषेत ती ‘अतिवृष्टी’ ठरते. मात्र मंडळात अनेक गावे असतात आणि मापक एकाच जागी असतो. ढग शेजारच्या शिवारात फुटला तर मापकाला त्याचा पत्ता लागत नाही, आणि पंचनाम्याच्या वेळी होणारे बरेच वाद इथूनच निघतात.

उपग्रहांपैकी इन्सॅट-३डीआर (२०१६) व इन्सॅट-३डीएस (२०२४) हे सुमारे ३६,००० किमी उंचीवरून ढगांवर अखंड नजर ठेवतात. ते पाऊस मोजत नाहीत. ढगमाथ्याचे तापमान मोजतात, आणि माथा जितका थंड तितका ढग उंच व पाऊस जास्त असे गृहीत धरून अंदाज काढला जातो. पावसाचे थेंब व हिमकण यांचा अधिक थेट माग सूक्ष्मतरंगांनी लागतो. त्यासाठी १९९७ ते २०१५ या काळात टीआरएमएम, २०११ मध्ये सोडलेला भारत-फ्रान्सचा मेघा-ट्रॉपिक्स आणि २०१४ पासून रडारयुक्त जीपीएम हे उपग्रह वापरले गेले. जीपीएमच्या एकत्रित नोंदी दर अर्ध्या तासाला ०.१ अंशाच्या चौकटीत मिळतात. मराठवाड्याच्या अक्षांशावर अशी एक चौकट शंभर चौ. किमीहून मोठी असते. वीतभर तोंडाच्या मापकाशी तिची तुलना करताना दोन्ही आकडे जुळले नाहीत, तर लगेच कोणाला खोटे ठरवू नये.

खरी अडचण सह्याद्रीच्या दोन बाजूंना उलटसुलट येते. इगतपुरी-घाटघर परिसरात डोंगराला अडून वर चढलेले दमट वारे बुटक्या ढगांतूनच धो-धो पाऊस पाडतात; त्यांचा माथा फारसा थंड नसल्याने अवरक्त (ढगमाथ्याचे तापमान दाखवणाऱ्या) प्रतिमांवरून काढलेला अंदाज तेथे कमी भरतो. पूर्वेकडे शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर, वैजापूरच्या बाजूला, पावसाचे वार्षिक प्रमाण घाटमाथ्याच्या कितीतरी पटींनी कमी असते. तेथे उंचावर पसरलेला थंड ढग उपग्रहाला पावसाळी वाटतो, पण त्यातले थेंब खालच्या कोरड्या हवेत विरतात आणि अंदाज जास्त भरतो. म्हणजे ज्या पाण्यावर नाथसागर भरतो ते उपग्रह कमी दाखवतो आणि पर्जन्यछायेतले जास्त. म्हणूनच घाटमाथ्यावर मापक लावणे, तिथला चिखल, धुके आणि खंडित वीज सोसूनही, टाळता येत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासाची उच्चस्थळीय प्रयोगशाळा सुरू केली, तिचे महत्त्व याच कारणाने आहे.

जलाशयाचे मोजमाप त्या मानाने सोपे, पण वादाचे. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडीची पूर्ण संचय पातळी १,५२२ फूट असून उपयुक्त साठा सुमारे ७६ टीएमसी आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०१४ च्या आदेशानुसार १५ ऑक्टोबरला हा साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो. त्यामुळे पातळीच्या प्रत्येक इंचाला राजकीय किंमत येते. पातळीवरून साठा काढण्याचे कोष्टक मात्र गाळाने बिघडते. वेगवेगळ्या पातळ्यांना उपग्रहचित्रांत दिसणारा पाण्याचा पसारा मोजून ते दुरुस्त करता येते. पावसाळ्यात ढगांमुळे साधी चित्रे निरुपयोगी ठरतात, तेव्हा ढगांआडून पाहणारे सेंटिनेल-१ आणि जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून सोडलेला, दर बारा दिवसांनी त्याच जागेवर येणारा निसार यांच्यासारखे रडार उपग्रह कामी येतात.

हिमालयाचे बर्फ गोदावरीत येत नाही. त्याचा मराठवाड्याशी संबंध हवेतून आहे. हिमालयावर वसंतात बर्फ अधिक असेल तर भारतातला मान्सून दुबळा पडतो, असे भारतीय हवामानशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये मांडले आणि त्या आधारे दीर्घ मुदतीचे अंदाज सुरू झाले. पुढे हा संबंध कायम टिकणारा नसल्याचे दिसले. आज बर्फाचा विस्तार उपग्रह रोज टिपतात, पण उभ्या उतारांवर त्यातले पाणी किती, हे अजून नेमके सांगता येत नाही. हिमाचल प्रदेशातील छोटा शिग्री हिमनदीवर २००२ पासून काठ्या रोवून घट मोजली जाते, ती म्हणूनच.

जमिनीखालचे पाणी ग्रेस (२००२–२०१७) व ग्रेस-एफओ (२०१८ पासून) या उपग्रहजोड्या गुरुत्वाकर्षणातील बारीक फरकांवरून ताडतात. त्यांना काहीशे किलोमीटरांचा पट्टा एकत्रच दिसतो. काळ्या पाषाणातले पाणी मात्र भेगांगणिक बदलते आणि एका बांधावर भरलेली विहीर असताना दुसऱ्या बांधावरची कोरडी असते. त्यामुळे लातूर तालुक्याचा भूजलाचा आकडा अजूनही भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींतून येतो, जिथे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत पाण्याची खोली मोजली जाते.