धाग्याच्या दिशेत मोटारीचे बळ

विदर्भातील खेड्यांत पऱ्हाटीचा कूड अजूनही पाहायला मिळतो. कपाशीची वेचणी आटोपल्यावर उपटलेल्या पऱ्हाट्या उभ्या-आडव्या गुंफून त्यांवर शेणमाती लिंपली की, एरवी सहज वाकणारी काडी आणि एरवी सहज ढासळणारी माती मिळून टिकाऊ भिंत तयार होते. अतिवेगवान मोटारींची कार्बन फायबरची चॅसिस, म्हणजे गाडीचा मुख्य सांगाडा, याच तत्त्वावर बनते. तिथे काडीच्या जागी कार्बनचा धागा असतो आणि मातीच्या जागी इपॉक्सी रेझिन, म्हणजे घट्ट होऊन धाग्यांना धरून ठेवणारा चिकट पदार्थ.

कार्बनच्या धाग्याचे कापसाशी जुने नाते आहे, आणि कापूस पिकवणाऱ्या आपल्या भागाने ते जरूर जाणून घ्यावे. १८७९ मध्ये एडिसनने विजेच्या दिव्यासाठी कापसाचाच दोरा हवेविना भाजून त्याचा कार्बन केला होता; पुढच्याच वर्षी त्याने बांबूचे तंतू वापरले. ते धागे मात्र ठिसूळ होते. आजचा मजबूत धागा मुख्यतः पॉलिॲक्रिलोनायट्राइलपासून, म्हणजे स्वेटरच्या ॲक्रिलिक लोकरीच्या जातीच्या पदार्थापासून तयार होतो. तो आधी हवेत २०० ते ३०० अंश सेल्सियसला ताणून तापवतात आणि मग नायट्रोजनमध्ये हजार अंशांच्या वर भाजतात. उरतो तो जवळजवळ निव्वळ कार्बन, अवघा ५ ते ७ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचा.

हा धागा लांबीच्या दिशेने विलक्षण ताण सोसतो, पण आडव्या दिशेने त्याचा फारसा उपयोग नसतो. पोलादाचा पत्रा सर्व दिशांनी जवळपास सारखाच मजबूत असल्याने त्यात हा प्रश्न येत नाही; कार्बनमध्ये मात्र बळ कोणत्या दिशेला हवे हे अभियंत्याला आधीच ठरवावे लागते, आणि माझ्या मते या तंत्राचे खरे सौंदर्य इथेच आहे. गाडी वाकू नये म्हणून धाग्यांचे काही थर लांबीच्या दिशेने घालतात. वळणावर चॅसिस पिळवटू नये म्हणून काही थर ४५ अंशांच्या तिरप्या कोनात, एकमेकांना छेद देत घालतात. आणि जिथे सस्पेन्शनचा, म्हणजे चाकांचे धक्के झेलणाऱ्या यंत्रणेचा, जोर येतो तिथे थरांची संख्या वाढवतात. रेझिनने भिजलेले हे थर साच्यात बसवून ऑटोक्लेव्ह नावाच्या बंद भट्टीत उष्णता आणि दाबाखाली पक्के करतात. तयार पदार्थाची घनता पोलादाच्या सुमारे एक पंचमांश असते.

१९८१ मध्ये अभियंते जॉन बर्नार्ड यांनी मॅक्लारेन या ब्रिटिश संघाच्या फॉर्म्युला वन शर्यतीच्या गाडीसाठी अशी चॅसिस रचली, तेव्हा धडकेत ती काचेसारखी फुटेल अशी शंका अनेकांना होती. त्याच वर्षी इटलीतील मोंझा येथे चालक जॉन वॉटसन यांच्या या गाडीला इतका भीषण अपघात झाला की इंजिन तुटून वेगळे पडले, पण चालकाभोवतीचे कार्बनचे कवच टिकले आणि वॉटसन स्वतः चालत बाहेर आले. १९९२ मध्ये मॅक्लारेनच्याच ‘एफ-वन’ नावाच्या मोटारीच्या रूपाने हे कवच रस्त्यावरच्या गाडीत आले. त्या एका चॅसिसला सुमारे ३,००० तास लागत, असे कंपनी सांगते. पुढे कोरडे धागे साच्यात ठेवून दाबाने रेझिन भरण्याची पद्धत रुळली आणि २०११ च्या मॅक्लारेनच्या एमपी-फोर ट्वेल्व्ह-सी या गाडीचे सुमारे ७५ किलोंचे कवच चार तासांत होऊ लागले.

दुरुस्तीचा प्रश्न मात्र अवघड आहे. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची चॅसिस तडकली तर तालुक्याचा वेल्डर ती सांधून देतो, आणि वाकलेले लोखंड डोळ्यांनाही दिसते. कार्बनच्या कवचाला वेल्डिंग चालत नाही, कारण एकदा पक्के झालेले इपॉक्सी पुन्हा वितळत नाही, उष्णतेने ते जळते. शिवाय धक्का बसल्यावर वरचा पृष्ठभाग गुळगुळीत राहूनही आतले थर एकमेकांपासून सुटलेले असू शकतात. म्हणून अपघातानंतर अशा गाडीची अल्ट्रासाउंडसारख्या साधनांनी तपासणी करावी लागते, आणि सुटलेला भाग तासून, धाग्यांची मूळ दिशा सांभाळत तिथे नवे थर बसवावे लागतात; इजा खोल असेल तर अख्खे कवचच बदलतात.