माया वेगळी, लूज वेगळं: वाढत्या मुलाचे कपडे घरी शिवताना

शिवण शिकलेल्या बहुतेकांच्या वहीत एक ओळ असते: ‘छातीचा चौथा भाग अधिक दीड इंच’. मीही तीच ओळ पाठ करून सुरुवात केली. त्या दीड इंचात नेमकं काय काय आहे हे वहीत लिहिलेलं नव्हतं आणि मी कधी विचारलंही नाही. खरं तर त्यात दोन निराळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात, माया आणि लूज. मोठ्या माणसाच्या कपड्यात हे गाठोडं तसंच राहिलं तरी चालून जातं, कारण माणूस पुढच्या वर्षीही साधारण तेवढाच असतो. लहान मुलाचं तसं नसतं. दर ऋतूला नवे कपडे लागतात, आणि ‘वाढत्या अंगाचं आहे, थोडं सोडून शिव’ असं घरातलं प्रत्येक मोठं माणूस सांगतं. सोडायचं ते मायेत की लूजमध्ये, यावर त्या कपड्याचं सगळं आयुष्य ठरतं.

माया म्हणजे टिपेच्या पलीकडे, कपड्याच्या आत राहणारं कापड. टीप उसवू नये, कड सुटू नये आणि वेळ आली तर कपडा मोठा करता यावा म्हणून ते ठेवायचं. लूज म्हणजे टिपेच्या अलीकडची, अंग आणि कापड यांच्यामधली मोकळीक. मुलाची छाती २२ इंच आणि तयार फ्रॉक छातीपाशी २६ इंच असेल, तर लूज ४ इंच. माया किती आहे हे कपडा उलटा केल्याशिवाय कळत नाही. लूज कळायला तो मुलाच्या अंगात घालावा लागतो.

आता ती वहीतली ओळ घ्या. २२ इंच छातीचा चौथा भाग साडेपाच, त्यात दीड मिळवला की सात इंच. कापडाची चौपदरी घडी घालून सात इंचावर कापलं. पुढे टीप कडेपासून अर्धा इंच आत मारली तर प्रत्येक चौथ्या भागात साडेसहा इंच उरतात, म्हणजे तयार घेर २६. तीच टीप पाव इंचावर मारली तर घेर २७, आणि एक इंचावर मारली तर २४. कापड एकच, कटिंग एकच, तरी तीन मापांचे फ्रॉक. ‘मापाने कापलं होतं, मग घट्ट कसं झालं?’ हा प्रश्न जिथे जिथे ऐकलाय, तिथे बहुतेक वेळा घोळ इथेच निघालाय. म्हणून आता मी ओळ फोडून लिहिते: साडेपाच, अधिक एक लूज, अधिक अर्धा माया. तीन आकडे तीन जागी.

मोजण्याची रीतही दोन्हींची वेगळी आहे, आणि ते कुणी मुद्दाम सांगत नाही. लूज सांगताना आपण पूर्ण घेरावर सांगतो, ‘चार इंच लूज आहे’. माया मात्र एकेका कडेची सांगतो, ‘अर्धा इंच माया ठेव’. अंगाच्या बाजूच्या दोन शिलाया म्हणजे चार कडा. प्रत्येक कडेला अर्धा इंच जास्तीची माया ठेवली तर पुढे घेर पूर्ण दोन इंचांनी वाढवता येतो. ऐकायला अर्धा इंच काहीच वाटत नाही, पण लहान मुलाच्या छातीसाठी ही बेगमी मोठी आहे.

किती मोठी, ते समजायला मूल वाढतं कसं हे बघायला हवं. पहिल्या वर्षात मूल साधारण २५ सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्या वर्षात १० ते १२, आणि त्यानंतर वयात येईपर्यंत वर्षाला ५ ते ७. ही सगळी उंची. छाती इतक्या वेगाने वाढत नाही. युरोपात मुलांच्या कपड्यांवर ९८, १०४, ११० असे आकडे छापलेले असतात, ते मुलाच्या उंचीचे सेंटिमीटर आहेत. एका मापावरून पुढच्या मापावर जाताना उंची ६ सेंटिमीटरने सरकते, छाती मात्र साधारण १ ते २ सेंटिमीटरनेच. म्हणजे दोन वर्षांपुढचं मूल वर्षभरात उभं भराभर वाढतं आणि आडवं जेमतेम अर्धा-पाऊण इंच. आपण मात्र ‘वाढीला’ म्हणून कपडा चारही बाजूंनी सैल शिवतो.

लेक तीन वर्षांची असताना मी तिला थंडीचा कोट असाच शिवला होता, दोन हिवाळे पुरावा या हिशोबाने. छातीत नेहमीच्या दुप्पट लूज, खांदा एक इंच जास्त, बाही बोटांच्या खाली. पहिल्या हिवाळ्यात ती बाही सावरता सावरता जिन्याचा कठडा धरायची राहून जायची. खांदा दंडावर उतरायचा, त्यामुळे हात वर केला की अख्खा कोट कानांपर्यंत चढायचा. आणि गळ्यातून, खालच्या घेरातून थंड हवा आत जायची. पुढच्या हिवाळ्यात बाही बरोबर झाली, पण छातीत कोट तसाच फडफडत होता. दोन्ही वर्षं तो तिला धड बसला नाही. लोकर चांगली होती, अस्तरही मन लावून घातलं होतं. वाढीची जागा लूजमध्ये ठेवली, तिथे सगळं बिघडलं.

तेव्हापासून माझा नियम असा: लूज आजच्या अंगासाठी आणि आजच्या ऋतूसाठी, उद्याच्या वाढीची सोय मायेत. आणि तीही आडवी कमी, उभी जास्त.

लूज ऋतूप्रमाणे बदलायला हवं. उन्हाळ्यात कापड आणि कातडी यांच्यात हवा खेळली की घाम सुकतो, म्हणून पातळ सुती झबल्याला किंवा फ्रॉकला छातीत चार-पाच इंच लूज चांगलंच. पण मुंढा, म्हणजे बाही जोडायची काखेची गोलाई, खोल करून मोकळीक देऊ नका. मुंढा खाली उतरला की हात उचलताना बाहीबरोबर अंगाचा भागही वर ओढला जातो. मुंढा काखेच्या जवळ ठेवून बाही रुंद केली तर मूल जास्त मोकळं हलतं. तपासायचं झालं तर कच्ची शिलाई घालून मुलाला कपडा घाला, दोन्ही हात वर करायला सांगा आणि मग उकिडवं बसवा. पोट उघडं पडतंय का, आसनात (दोन पायांच्या जोडाशी) ताण येतोय का, लगेच दिसतं. लंगोट किंवा डायपर असेल तर माप त्यावरूनच घ्या.

हिवाळ्यात लूज मोकळेपणासाठी नसतं, आतल्या थरांसाठी असतं. अर्धा सेंटिमीटर जाडीचा स्वेटर अंगाभोवती गेला की घेरातले तीन सेंटिमीटरहून थोडं जास्त खातो. वर्तुळाच्या परिघाचं साधं गणित आहे. आत असे दोन थर असतील तर सव्वासहा सेंटिमीटर, म्हणजे अडीच इंच, तिथेच संपले. म्हणून कोटाचं माप उघड्या अंगावर घेऊन अंदाजाने इंच वाढवण्यापेक्षा आतले कपडे घालून त्यांवरून टेप फिरवा आणि त्यात हालचालीपुरतं दोन-तीन इंच लूज धरा. याहून कमी ठेवलं तर स्वेटर दाबला जातो, आणि ऊब देणारी हवा तर त्याच्या धाग्यांतच असते. जास्त ठेवलं तर ती ऊब प्रत्येक हालचालीबरोबर गळ्यातून निघून जाते.

रात्रीच्या कपड्यांचा वेगळा विचार करा. सैल सुती कपडा ठिणगीने पटकन पेटतो, कारण त्याला आतूनबाहेरून हवा मिळते. अमेरिकेत १९९६ साली बदललेल्या नियमांप्रमाणे नऊ महिन्यांपुढच्या मुलांचे झोपायचे कपडे एकतर आगीला तग धरणाऱ्या कापडाचे हवेत, नाहीतर अंगासरशी बसणारे. थंडीत शेगडी किंवा हीटर जवळ असणाऱ्या घरात हे लक्षात ठेवावं. आणि गळ्याशी जास्त झालेलं लूज नाडी ओवून आवळू नका. ईएन १४६८२ हे युरोपातलं मानक लहान मुलांच्या कपड्यांत टोपीला आणि गळ्याशी नाडी ठेवूच देत नाही. ती कशात तरी अडकून गळ्याला फास बसतो.

होजिअरीच्या कापडात हा सगळा हिशोब बदलतो. ताणलं जाणारं कापड असेल तर लूज शून्य ठेवलं तरी चालतं, गळ्याची किंवा मनगटाची रिब (ताणली जाणारी पट्टी) तर अंगाच्या मापापेक्षा कमीच कापतात. मायासुद्धा पाव इंच पुरते. रुंद ठेवली तर ती गुंडाळली जाते आणि काखेत टोचते.

मायेचा विचार मात्र जरा सावकाश करायला हवा, कारण ती सगळीकडे ठेवून चालत नाही. गळा आणि मुंढा गोलाईचे आहेत, तिथे पाव ते अर्ध्या इंचाच्या पुढे माया ठेवली तर गोलाई पालथी वळत नाही, खेचली जाते. बाजूच्या शिलाईला एक इंच ठेवा. इथे एक मेख आहे. उद्या बाजू सोडवली की मुंढाही मोठा होतो, मग बाही त्यात बसणार कशी? बाहीच्या काखेखालच्या शिलाईलाही तेवढीच माया असेल तरच. म्हणून मी बाही आधी सपाट जोडून घेते आणि मग बाहीच्या टोकापासून काखेतून थेट खालच्या घेरापर्यंत एकच सलग टीप मारते. पुढे घेर वाढवायचा तर जुन्या टिपेच्या बाहेर दुसरी सलग टीप घालायची आणि पहिली उसवायची. पंधरा मिनिटांचं काम. काखेत वळणावर माया खेचते, तिथे एक-दोन कापे द्यावेच लागतात, पण टिपेपर्यंत देऊ नका, वाढवायला जागा उरली पाहिजे.

इंटरलॉक करणार असाल, म्हणजे धागे सुटू नयेत म्हणून कडा मशीनने गुंफणार असाल, तर टीप मारायच्या आधी एकेक कड सुटी-सुटी इंटरलॉक करून घ्या. दोन्ही पदर एकत्र घेऊन इंटरलॉक केलं की मशीनचं पातं जास्तीची माया कापून टाकतं, आणि उरलेल्या कडा एकमेकींत बांधल्या जातात. जपून ठेवलेला इंच मिनिटभरात गेला.

उभ्या वाढीसाठी खालच्या घेराला अडीच ते तीन इंच मुडप (आत दुमडलेली कड), बाहीला दीड इंच, पायजम्याला दोन-अडीच इंच. वर्षाला सहा सेंटिमीटर उंची वाढली तर निम्म्याहून जास्त पायांतच जाते, म्हणून पायजमा सगळ्यात आधी आखूड होतो. रुंद मुडप सरळ घेरालाच नीट बसतो. उरेब (तिरप्या कापलेल्या) किंवा अंब्रेला घेराची कड ही जिथे टीप येते त्या जागेपेक्षा लांब असते, तिथे तीन इंच दुमडायला गेलात तर कापड गोळा होतं. वाढत्या मुलीसाठी चुण्यांचा सरळ घेर बरा, तो याच कारणाने. मुडपात मावत नसेल तर घेराच्या वर आडवे टक घाला. अर्ध्या इंचाचा एक टक एक इंच कापड पोटात घेतो, दिसतोही सुरेख, आणि लागेल तेव्हा एकेक उसवता येतो. टक ही बाहेरून मिरवणारी मायाच.

कापडाचंही ऐकावं लागतं. पातळ वॉयलमध्ये रुंद माया उजेडात गडद पट्ट्यासारखी दिसते. जाड लोकरीत ती फुगते. पावसाच्या कोटाचं कापड असेल तर उसवायचा विचारच नको, सुईची जुनी भोकं बुजत नाहीत आणि तिथून पाणी आत येतं. अशा कपड्यात बाहीला उलटून दुमडता येईल असा लांब कफ हाच मार्ग.

आणि कापायच्या आधी सुती कापड धुवून वाळवून घ्या. पहिल्या धुण्यात ते शंभराला तीन ते पाच भाग आटू शकतं, म्हणजे चोवीस इंच लांबीतला एक इंचसुद्धा जाऊ शकतो. हे आटणं मुलाच्या वाढीसाठी ठेवलेल्या जागेतून गेलं तर सगळाच हिशोब चुकतो.

गेल्या आठवड्यात लेकीचा मागच्या उन्हाळ्यातला फ्रॉक काढला. छातीत अजून व्यवस्थित, फक्त घेर गुडघ्यांच्या वर गेलेला. मुडप उसवला तेव्हा आतलं कापड नव्यासारखं गडद निळं होतं, बाहेरचं धुऊन धुऊन फिकट झालेलं, आणि दोन्हींच्या मध्ये पांढुरकी घडीची रेघ. ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली, तरी रेघ पूर्ण गेली नाही. मग तिच्यावरून पांढरी फीत बसवली. तीन इंचांतला दोन इंच सोडला, एक इंच अजून आत आहे.