यंत्रदृष्टी : औद्योगिक कॅमेरा व लेन्स यांची जुळणी

कारखान्यात तयार झालेल्या वस्तूची प्रतिमा घेऊन तिचे माप, दोष किंवा ओळख संगणकाकडून ठरवून घेण्याच्या पद्धतीला यंत्रदृष्टी म्हणतात. कॅमेरा, लेन्स व प्रकाश यांची निवड करून ती जागेवर पक्की बसवणे, म्हणजेच जुळणी, हा या पद्धतीचा पाया आहे. कारण प्रतिमेत जो दोष उमटलाच नाही, तो पुढे कोणत्याही सॉफ्टवेअरला सापडत नाही. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक भागांत बिडाचे ओतकाम व मशिनिंग मोठ्या प्रमाणावर चालते. येथील एकाच जॉबवर (कामाच्या नगावर) ओतीव भाग काळा व खडबडीत, तर मशिनिंग झालेला भाग आरशासारखा चकचकीत असतो, आणि दोन्ही एकाच प्रतिमेत नीट दिसावे लागतात. बाबूराव पेंटर यांनी चलच्चित्रणाचा देशी बनावटीचा कॅमेरा याच शहरात घडवला होता, त्यामुळे कारागिराने कॅमेऱ्यात हात घालणे ही येथे नवलाची गोष्ट नाही.

लेन्स निवडण्यापूर्वी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात : किती रुंद भाग पाहायचा आणि त्यातला लहानात लहान कोणता दोष पकडायचा. समजा, ९० मिमी व्यासाच्या फ्लँजच्या मशिनिंग केलेल्या तोंडावरील ब्लो-होल, म्हणजे ओतकामात वायूमुळे राहिलेली छिद्रे, तपासायची आहेत. २४४८ × २०४८ पिक्सेलच्या सेन्सरवर (कॅमेऱ्यातील प्रतिमा टिपणाऱ्या चिपवर), एक पिक्सेल ३.४५ मायक्रॉनचा असेल तर, सेन्सरची रुंदी सुमारे ८.४५ मिमी भरते. दृश्यक्षेत्र १२० × १०० मिमी घेतल्यास जॉबभोवती थोडी मोकळी जागा राहते आणि एका पिक्सेलच्या वाट्याला जवळजवळ ०.०५ मिमी येतात. ०.३ मिमीचे छिद्र मग सहा पिक्सेल व्यापते व खात्रीने सापडते, ०.१ मिमीच्या छिद्राला दोनच पिक्सेल मिळतात, आणि तेवढ्यावर जॉब रद्द करणे योग्य नाही. याच मांडणीत २५ मिमी नाभीय अंतराची (फोकल लेंग्थची) लेन्स जॉबपासून साधारण ३८० मिमीवर बसते. या सेन्सरला व्यवहारात दोन-तृतीयांश इंची म्हणतात, पण त्याचा कर्ण ११ मिमीच असतो. हे नाव जुन्या कॅमेऱ्यांतील काचनळीच्या बाह्य व्यासावरून चालत आले आहे. लेन्स याहून लहान सेन्सरसाठी बनवलेली असेल, तर प्रतिमेचे कोपरे काळवंडतात.

लेन्स बसवण्याचे सर्वांत प्रचलित माप म्हणजे सी-माउंट. त्याचा व्यास १ इंच असून दर इंचाला ३२ आटे असतात, आणि बैठकीपासून सेन्सरपर्यंतचे अंतर १७.५२६ मिमी असते. सीएस-माउंटचे आटे तेच, पण अंतर १२.५२६ मिमी, म्हणून सी-माउंट लेन्स सीएस कॅमेऱ्यावर लावताना ५ मिमीची रिंग मध्ये घालावी लागते. ती विसरल्यास लेन्स घट्ट बसते, मात्र फोकस काही केल्या येत नाही.

जुळणीतला सर्वांत जास्त वेळ प्रकाशावर खर्च होतो, आणि तो व्हायलाच हवा. मशिनिंग केलेल्या तोंडावर लेन्सच्याच अक्षातून प्रकाश टाकला, तर सपाट भाग पांढरा दिसतो आणि छिद्रे काळी उठून दिसतात. तोच प्रकाश अगदी कमी कोनातून, जवळजवळ पृष्ठभागाला घासून टाकला, तर सपाट भागावरून तो कॅमेऱ्यापासून दूर परावर्तित होतो. सगळे तोंड काळे पडते आणि ओरखड्याची कड केसासारखी चमकते. व्यास किंवा भोकाचे माप घ्यायचे असेल, तर जॉबच्या मागून उजेड देऊन त्याची नुसती सावली टिपणे उत्तम. शेडच्या छतातील पारदर्शक पत्र्यांतून येणारे ऊन मात्र दर तासाला बदलते, आणि पावसाळ्यात तर ढग आला की प्रतिमा बदलते. यावर लाल एलईडी, लेन्सवर फक्त तोच रंग आत सोडणारा फिल्टर आणि भोवती काळी पेटी, हा उपाय भरवशाचा आहे. विजेच्या ५० हर्ट्झ पुरवठ्यावर काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर प्रकाश पडू देण्याचा वेळ, लहान असल्यास एक प्रतिमा उजळ व पुढची मंद येते.

जॉब कन्व्हेयरवर सेकंदाला २०० मिमी वेगाने सरकत असेल, तर एक मिलिसेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये तो ०.२ मिमी पुढे जातो आणि प्रतिमा चार पिक्सेल फरफटते. ही फरफट एका पिक्सेलच्या आत ठेवायची तर एक्स्पोजर २५० मायक्रोसेकंदांच्या आत हवे. त्यासाठी सगळी प्रतिमा एकाच क्षणी टिपणारा ग्लोबल शटरचा कॅमेरा, फोटो सेन्सरचा ट्रिगर आणि त्याच क्षणी झगमगणारा दिवा, असे तिन्ही लागतात. उजेड पुरत नाही म्हणून अपर्चर (लेन्समधील प्रकाशाची वाट) पूर्ण उघडल्यास जॉबच्या उंचीतला थोडासा फरकही धूसर दिसतो. उलट एफ/१६ पर्यंत मिटल्यास विवर्तनामुळे, म्हणजे अरुंद वाटेतून जाताना प्रकाश पसरत असल्याने, हिरव्या प्रकाशाचा एक बिंदू सुमारे २१ मायक्रॉन, म्हणजे सहा पिक्सेल पसरतो. एफ/४ ते एफ/८ हा पट्टा बहुधा योग्य ठरतो.

फोकस करताना बारीक छापील अक्षरांचा कागद बरोबर मशिनिंग तोंडाच्या उंचीवर ठेवतात. अपर्चर आधी पूर्ण उघडतात, पडद्यावर अक्षराची एकच कड मोठी करून पाहतात, फोकसची कडी योग्य जागेच्या पलीकडे नेऊन हळूच मागे आणतात, मग अपर्चर एफ/५.६ वर मिटतात. शेवटी लेन्सवरील दोन्ही बारीक स्क्रू आवळून कड्यांवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढतात. हे स्क्रू सैल राहिले, तर शेजारच्या प्रेसच्या हादऱ्याने काही दिवसांत फोकस सरकतो. कॅमेऱ्याचा खांबही मशीनच्या अंगाला न जोडता स्वतंत्र, जमिनीत रोवलेला असावा.

मापनाच्या कामात साध्या लेन्सची एक मर्यादा आहे. वरील मांडणीत जॉब १ मिमी वर उचलला गेला, तरी ९० मिमीचा व्यास सुमारे ०.२४ मिमी मोठा दिसतो. फक्त अक्षाला समांतर किरण टिपणाऱ्या टेलिसेंट्रिक लेन्समध्ये हा दोष जवळपास नाहीसा होतो, परंतु तिची पुढची काच पाहायच्या भागाहून मोठी असावी लागत असल्याने ती जड व महाग असते. पिक्सेलचे मिलिमीटर करण्यासाठी चौकटीची किंवा ठिपक्यांची पट्टी तोंडाच्याच उंचीवर ठेवून अंशांकन करतात.

प्रतिमा संगणकाकडे नेण्यासाठी २००६ साली आलेले गिग-ई व्हिजन (GigE Vision) हे नेटवर्क केबलवरून प्रतिमा पाठवण्याचे मानक रूढ आहे. त्याची केबल १०० मीटरपर्यंत चालते.

फाउंड्रीतील वाळूची बारीक धूळ लेन्सवर बसते, म्हणून कॅमेरा काचेच्या खिडकीच्या बंद पेटीत ठेवतात. खिडकीवर फुंकायची दाबाची हवा कोरडी व तेलविरहित हवी, एरवी काचेवर तेलाचा पातळ थर चढतो आणि छिद्रांच्या कडा पुसट होतात. हा बदल इतका सावकाश होतो की रोज पाहणाऱ्याच्याही लक्षात येत नाही. त्यामुळे प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला ऑपरेटर एक चांगला आणि एक मुद्दाम जपून ठेवलेला सदोष जॉब कॅमेऱ्याखाली ठेवतो, आणि सदोष जॉब पास झाला तर लाइन सुरू करण्याआधी काच पुसतो व पांढरी रेघ तपासतो.