नागपुरात बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला?

कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवण्यासाठी गाडीत भरायचं द्रव. वॉटर पंप किंवा रेडिएटरचं काम झालं की हमखास ऐकू येतं: "कूलंट थंड मुलखासाठी, आपल्याकडे साधं पाणी चालते."

यातला अर्धा भाग खरा आहे. नागपुरात पाणी गोठत नाही, आणि उष्णता वाहून नेण्यात निव्वळ पाणी कूलंटच्या मिश्रणापेक्षा थोडं सरसच. अडचण दुसरीकडे आहे. साध्या पाण्याने आतले धातू गंजतात. बोअरच्या जड पाण्याचे क्षार तर तापलेल्या भांड्याच्या बुडासारखे आत चिकटतात आणि अरुंद नळ्या तुंबतात. कूलंटमधली रसायनं गंज रोखतात. शिवाय पाणी १०० अंशांना उकळतं, निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) असलेलं मिश्रण साधारण १०७ ला. मे महिन्यात ४५ अंशांत, वर्धा रोडवर एसी लावून अडकलात की हा फरक जाणवतो.

रंग पाहून मात्र घेऊ नका. तो नुसता मिसळलेला रंग, प्रत्येक कंपनीचा वेगळा. गाडीच्या माहितीपुस्तिकेत कूलंटचा प्रकार लिहिलेला असतो, तोच बाटलीवर जुळवा. बाटलीवर 'रेडी टू यूज' असेल तर पाणी घालायचं नाही. 'कॉन्सन्ट्रेट' असेल तर सांगितलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर. आधीच साधं पाणी भरलं असेल, तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडून पाहा: तांबूस, गढूळ दिसलं तर आधी फ्लशिंग (आतून धुलाई) करून घ्या.